फोटो काढावा अशी जागा

गेल्या हिवाळ्यात धुळ्यात एका हौशी मंडळाचं छायाचित्र-प्रदर्शन पाहायला गेले होते. विषय होता, खानदेशात फोटो काढायला स्फूर्ती देणाऱ्या जागा. पावसाळी ढगांतला लळिंगचा किल्ला, चाळीसगावजवळचं पाटणादेवीचं देऊळ आणि त्यामागचे काळे कडे, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या बागा, समोरच्या टेकडीवरून दिसणारी अजिंठ्याच्या लेण्यांची अर्धचंद्राकार रांग. फोटो चांगले होते, खोटं कशाला बोलू? उजेड ओळखणारी माणसं होती ती.

मग सवयीनं मी बाया शोधायला लागले. केळीच्या बागेत बाई नव्हती. किल्ल्यावर नव्हती. एका फोटोत एक पावरा बाई होती, अंगभर चांदी, नजर दुसरीकडे. खाली लिहिलं होतं, 'आदिवासी सौंदर्य'. किल्ल्याला नाव होतं, देवळाला होतं, फोटो काढणाऱ्याला होतं, कॅमेऱ्याच्या भिंगाचा आकडासुद्धा छापला होता. तिला नाव नव्हतं. आणि फोटो काढणाऱ्यांच्या यादीत एकही बाई नव्हती. तिथल्या एका तरुण कार्यकर्त्याला मी विचारलं, "बायांचे फोटो आले नाहीत का स्पर्धेला?" तो अगदी सरळ मनानं म्हणाला, "ताई, लळिंगवर पहाटे पाचला जावं लागतं. बायांना कोण जाऊ देईल?"

त्याचं काही चुकलं नाही. त्यानं एका वाक्यात सगळा विषयच मांडला. जागा स्फूर्ती देते म्हणजे काय? तर तिथे आपल्याला जाता येतं, हवा तितका वेळ थांबता येतं, आणि परत आल्यावर कुठे होतीस म्हणून कुणी विचारत नाही. हे तीन गृहीत धरूनच फोटोग्राफीची सगळी चर्चा चालते. आपल्यापैकी कितीजणींना ते गृहीत धरता येतं?

अजिंठ्यापासून सुरुवात करते, कारण आपल्या शेजारात कॅमेरा फार लवकर पोचला तो तिथे. लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत, पण वाट जळगाववरून, म्हणून आपण त्यांना आपलीच मानतो. १८४४ साली रॉबर्ट गिल या मद्रासच्या फौजेतल्या अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. तो अजिंठा गावात राहिला आणि वर्षानुवर्षं नकला करत बसला. त्यातल्या बऱ्याचशा नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा जळून गेल्या. पुढे त्यानं कॅमेराही चालवला. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ साली पुस्तकरूपानं छापून आले. १८७९ साली तो वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

आणि पारो? गिलच्या सोबत राहिलेली ही गावातली बाई. तिची कबर अजिंठा गावात आहे, त्यावर इंग्रजीत तिचं नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे, २३ मे १८५६. गिलचं पुस्तक निघालं त्याच्या आठ वर्षं आधीच ती गेली. तिचा फोटो मी कुठे पाहिलेला नाही. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर 'अजिंठा' हे खंडकाव्य लिहिलं, २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावरून चित्रपट काढला. त्यामुळे आता पारो म्हटलं की नटीचा चेहरा समोर येतो. खरी पारो सावळी होती की गोरी, थकलेली होती की हसरी, त्या साहेबाच्या घरात तिला कशी वागणूक होती, गाव तिला काय म्हणायचं, यातलं काही कळायला मार्ग नाही. जिचं तोंड कुणी टिपलं नाही, तिला प्रत्येक पुरुष आपल्या मनासारखं रंगवतो. लेण्यांच्या भिंतींवरच्या बायांच्या नकला करण्यात एका माणसाचं आयुष्य गेलं, आणि घरातल्या बाईचा माग कबरीवरच्या त्या ओळींशी संपतो. अजिंठ्याच्या त्या टेकडीवर उभं राहिलं की मला पहिली आठवण होते ती हिची.

दुसरी जागा चाळीसगाव. स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांच्या नावानं संग्रहालय आहे. मूस १९१२ साली मुंबईत जन्मले, इंग्लंडला जाऊन कला शिकून आले, आणि चाळीसगावच्या त्या बंगल्यात जे शिरले ते १९८९ साली वारेपर्यंत. सुमारे पन्नास वर्षांत ते अगदी हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या वेळा बाहेर पडले. टेबलावर लहान लहान वस्तू मांडायच्या, उजेड असा टाकायचा की पाहणाऱ्याला वाटावं हा खराच डोंगर, खरीच वाट. या टेबलटॉप फोटोग्राफीनं त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. एका मैत्रिणीनं येईन म्हणून शब्द दिला होता, तिच्यासाठी ते रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडून वाट पाहायचे, असंही सांगतात. चाळीसगावात ही गोष्ट कुणीही रंगवून सांगेल.

मी ते संग्रहालय दोनदा पाहिलं. पहिल्यांदा भारावले. स्फूर्तीसाठी बाहेर भटकावं लागत नाही, चार भिंतींत सगळं जग उभं करता येतं, हे पाहून कुणीही भारावेल. दुसऱ्यांदा आमच्या गटातल्या सातआठ जणी सोबत होत्या. त्यातली एक, चुलीपुढे आयुष्य गेलेली, सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणून हा महर्षी. माझी सासू साठ वर्षं पडली नाही, तिला कोणी काही म्हटलं नाही." आम्ही सगळ्या तिथेच हसलो, रखवालदार बघायला लागला. पण हसून सोडून देण्याजोगं ते नाही. मूस यांच्या कलेला मी कमी लेखत नाही. त्यांनी घर निवडलं होतं. दाराची कडी आतून होती. आणि पन्नास वर्षं त्या घरात पीठमीठ, पाणी, धुतलेले कपडे येत होते, ते आणणारे हात कुणाचे होते हेही विचारायला हवं. मूस यांच्यानंतर एका वर्षानं, १९१३ साली, नवसारीला होमाई व्यारावाला जन्मली. तीही पारशी. ती मात्र साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा लावून दिल्लीच्या रस्त्यावर उतरली, आणि देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार झाली. तिचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं.

आमच्या पिढीच्या बायांचा कॅमेऱ्याशी पहिला संबंध आला तो स्टुडिओत. माझा आला १९८२ साली, धुळ्यात. मागे रंगवलेलं तळं, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. काकू सोबत. फोटोग्राफर म्हणाला, "मान थोडी खाली, हसू नका." हा पसंतीचा फोटो. त्याच्या तीन प्रती तीन गावांना गेल्या, दोन परत आल्याच नाहीत. अजूनही कधी मनात येतं, कुण्या परक्या घरातल्या पेटीत मी मान खाली घालून बसलेली असेन. आणि निगेटिव्ह? ती स्टुडिओवाल्याकडे. मागावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

निगेटिव्ह कुणाकडे, हा प्रश्न जळगावला १९९४ साली फार भयंकर रीतीनं कळला. मुलींना फसवून, धमकावून त्यांच्यावर अत्याचार करायचे, त्याचे फोटो आणि चित्रफिती काढायच्या आणि त्यांच्या बळावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलवायचं, असं प्रकरण त्या वर्षी उघडकीला आलं. पेपरांनी त्याला जे नाव दिलं ते मी इथे लिहिणार नाही. त्या नावात मुलीच जास्त बदनाम होत होत्या आणि करणारे मोकळे राहत होते. बायांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, विधानसभेपर्यंत गोष्ट गेली. पण तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली थोड्याच. का, ते आपल्याला सांगायला नको. जळगावची मुलगी म्हटलं की स्थळं मागे फिरतात, असं आम्ही त्या वर्षी गावोगाव ऐकलं.

त्याचा एक परिणाम कुठे लिहिला गेला नाही. घराघरांतून मुलींचा फोटो काढणंच बंद झालं. कॉलेजच्या सहलीला जायचं तर फोटोत उभं राहायचं नाही. संमेलनाच्या फोटोत मागे सरकायचं. आमच्या शिबिरात मी कॅमेरा काढला की पाचसहा जणी उठून स्वयंपाकघरात जायच्या. त्यांचं बरोबर होतं. कॅमेरा धरणारा हात बदलला म्हणून भीती जात नाही. तेव्हा अशा फोटोंसाठी वेगळं कलमही नव्हतं. बाईच्या खाजगी क्षणाचं तिच्या संमतीविना चित्रण करणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून दंडसंहितेत आला तो २०१३ साली, दिल्लीच्या घटनेनंतरच्या दुरुस्तीत. आता नव्या न्यायसंहितेत ते कलम ७७ आहे. कलम आलं, पण निगेटिव्ह कुणाकडे ही भीती आता प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहे.

आता आमचीच चूक सांगते, कारण दुसऱ्यांची उणीदुणी काढून झाली.

१९९५ च्या सुमारास गटानं वर्गणी काढून एक साधा कॅमेरा घेतला होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, म्हणून फार जपून वापरायचा. शिरपूर तालुक्यातल्या एका गावात बैठकीनंतर मी एका बाईचा फोटो काढला. दुपारचं ऊन, ती ओट्यावर बसलेली, डोळे मिटलेले, कपाळावर हात. फोटो इतका चांगला आला की आम्ही तो दारूबंदीच्या पोस्टरवर छापला. खाली घोषणा. तिला विचारलं नाही. आमच्या मनात तर वाईट काही नव्हतं ना! पोस्टर तालुक्याच्या गावी लागलं, तिच्या दिरानं पाहिलं. तिचा नवरा दारू पीतच नव्हता. गावात चेष्टा सुरू झाली, मग घरात भांडण, आणि त्या भांडणात तिनं मार खाल्ला. दारूच्या विरोधातल्या आमच्या पोस्टरमुळे न पिणाऱ्या नवऱ्याचा मार. दोन एस.टी. बदलून ती आमच्या कार्यालयात आली. ओरडली नाही. पोस्टरवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "मी रडी नही राहिंती बाई. ऊन व्हतं, म्हनीसन डोया मिटेल व्हतात." मी रडत नव्हते, ऊन होतं म्हणून डोळे मिटले होते.

आजवर कुणी केलेली टीका मला इतकी लागली नसेल. प्रदर्शनातला तो माणूस पावरा बाईला 'सौंदर्य' करतो, आम्ही या बाईला 'अन्याय' केलं. तिला दोघांनीही विचारलं नाही.

आम्ही पोस्टरं काढून आणली. माफी मागायला मी तिच्या गावी गेले, नवऱ्यासमोर चूक कबूल केली. निघताना ती म्हणाली, "फोटो काढना शे ते मना वावरमां काढ." फोटो काढायचाच तर माझ्या शेतात काढ. सातबारा सासऱ्याच्या नावावर. त्यात तिचं नाव कुठेही नव्हतं, पण वावर तिचं. तिथे तिनं मला चांगलं अर्धा तास थांबवलं. कमरेची कापसाची झोळी सोडून बांधावर ठेवली, तोंड धुतलं, पोरीला हाक मारून शेजारी उभी केली, मग भरलेली झोळी पुन्हा उचलून पोटाशी धरली. "आता काढ." नजर थेट भिंगात. पुढच्या खेपेला फोटोबरोबर मी निगेटिव्हही नेऊन दिली. तिनं ती उजेडाकडे धरून पाहिली आणि काळं तोंड पाहून पोटभर हसली.

मला विचाराल तर खानदेशातली फोटोसाठी सगळ्यात मोठी जागा ते वावर. तिथे डोंगर नाही, नदी नाही. कपाशीचं काळं रान, बस.

तेव्हापासून आम्ही कॅमेरा न्यायच्या जागा बदलल्या. कापूस वेचणीचा हंगाम असला की संध्याकाळी काट्यापाशी जायचं. मजुरी किलोवर, आणि काटा मालकाचा. एकदा आम्ही दोघी काट्याशेजारी कॅमेरा घेऊन नुसत्या उभ्या राहिलो, तर त्या दिवशी प्रत्येकीचं वजन सावकाश आणि मोठ्यानं वाचून सांगितलं गेलं. रोल संपलेला होता हे फक्त आम्हाला माहीत. जिनिंगमध्ये परवानगी मिळवायला दोन हंगाम लागले. आत गेलो तर सरकीच्या धुरळ्यानं भिंगच पांढरं झालं. तो पुसट फोटो मी टाकला नाही. त्या बाया दिवसभर जे श्वासात घेतात ते त्यात आलं आहे.

लळिंगलाही गेलो, पण पहाटे नाही. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयाच्या कामासाठी धुळ्यात आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दर वर्षी ३१ जुलैला तिथे माणसं लोटतात, आणि त्यात बाया खूप. पोरंबाळं, शिदोरी, अंगावर ठेवणीतली पातळं. तिथे कुणाला फोटोसाठी विनवावं लागत नाही. "आमचा काढा, बाबासाहेबांच्या फोटोसोबत काढा," म्हणून त्याच बोलावतात. पुरुषांनी टिपलेला किल्ला मागे दिसतो, पुढे या उभ्या. चांगदेवाच्या देवळाला गेलात तर तिथून जवळच मुक्ताबाईचं स्थान आहे, तेही पाहा. एवढा मोठा योगी एका पोरीला गुरू मानतो, ही गोष्ट आपल्याच तापीकाठची. वारीच्या वेळी तिची पालखी निघते तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या बायांचे पाय पाहावेत. फोटो पायांचेही निघतात.

काही फोटो मात्र राहूनच गेले, त्यांची हळहळ वाटते. १९७२-७३ साली शहाद्याकडे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. आपल्या चळवळीच्या इतिहासात ती गोष्ट मानानं सांगतात. मी त्या मडकी फोडण्याचा एकही फोटो पाहिलेला नाही. नव्वदच्या दशकात नर्मदेकाठी मणिबेलीच्या बाया चढत्या पाण्यासमोर उभ्या राहिल्या, त्याचे फोटो मात्र जगभर गेले. तो भागही तेव्हा धुळ्यातच होता, १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. एका लढ्याला तोंड मिळालं, दुसऱ्याला नाही. बहिणाबाई चौधरींचं तेच. १८८० ते १९५१ इतकं आयुष्य, आसोदा आणि जळगावच्या मातीत कष्टलेलं. तिचं एकच चित्र सगळीकडे छापतात, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. जात्यावर बसलेली, शेतात वाकलेली, ओव्या सुचत असतानाची बहिणाबाई कुणी टिपली असती तर? तिला लिहिता येत नव्हतं म्हणून पोरानं कविता उतरवून घेतल्या, त्या तरी वाचल्या. कॅमेरा घेऊन तिच्या वावरात जावं असं कुणाला वाटलं नसावं.

हल्ली पोरी म्हणतात, मावशी, आता प्रत्येकीकडे मोबाइल आहे, कसली जागा आणि कसली स्फूर्ती! मोबाइल आहे, पण तो कुणाच्या ताब्यात? परवाच एका सुनेनं सांगितलं, रोज रात्री नवरा तिचे फोटो तपासतो, नको ते पुसतो. म्हणजे निगेटिव्ह पुन्हा त्याच्याकडेच. दुसरीकडे त्याच मोबाइलवर पारोळ्याकडच्या तीन पोरींनी रेशन दुकानाच्या बंद दाराचे सलग आठ दिवस फोटो काढले, तारखेसकट, आणि तहसीलदाराच्या टेबलावर ठेवले. फोटो म्हणून बघाल तर ते अगदी सामान्य, वाकडे आहेत. प्रदर्शनवाल्यांनी दारात उभे केले नसते. दुकान नवव्या दिवशी उघडलं.

लळिंगवर पहाटे जायचं आमचं अजून राहिलं आहे. या थंडीत बारापंधरा जणी मिळून जाणार आहोत, आदल्या रात्री पायथ्याच्या गावात मुक्काम. येणाऱ्यांनी कळवावं.

आणि आणखी एक काम. कार्यालयात दोन पत्र्याच्या पेट्या भरून जुन्या निगेटिव्ह पडल्या आहेत, १९९५ पासूनच्या. पाकिटांवर गावं आहेत, नावं नाहीत, तेव्हा आम्हाला ती लिहायची अक्कल नव्हती. दिवाळीनंतर रोज दुपारी आम्ही त्या उजेडाकडे धरून बसणार आहोत. शिरपूर, साक्री, अमळनेर, पारोळा, चाळीसगावच्या मैत्रिणींनी यावं, म्हाताऱ्या आयांना-सासवांना सोबत आणावं. जी ओळखू येईल तिचं नाव पाकिटावर लिहू, आणि जिची असेल तिनं निगेटिव्ह घेऊन जावं.